टीटीवाययूएसबी० कुठे आहे? लिनक्सुलेटरमधल्या डिव्हाइस फाइल्सच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

एक मोजमापाचं यंत्र यूएसबी-सिरियल केबलवरून दर सेकंदाला एक ओळ पाठवतं. ती ओळ वाचून साठवणारा प्रोग्रॅम यंत्रासोबत आला, तो फक्त लिनक्ससाठी. सोर्स नाही, नवी आवृत्ती निघायची शक्यता नाही. आमचा सर्व्हर फ्रीबीएसडी १४.२ वर चालतो, ती लिनक्ससारखी पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकावं हा पहिला विचार होता. पण बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) एकटी केबल आत देता येत नाही, अख्खा यूएसबी कंट्रोलर पीसीआय पासथ्रूने द्यावा लागतो, आणि त्या कंट्रोलरवर आमच्या आणखी दोन गोष्टी लटकल्या आहेत. म्हणून लिनक्सुलेटर, म्हणजे लिनक्सचे प्रोग्रॅम थेट फ्रीबीएसडीवर चालवायची सोय.

हे नाव जरा फसवं आहे, कारण यात एम्युलेशन काही नाही. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसला सिस्टिम कॉलचा एक तक्ता जोडलेला असतो. बायनरी लिनक्सची निघाली तर तक्ता लिनक्सचा जोडला जातो, आणि तिने मागितलेलं काम कर्नल स्वतःच्या पद्धतीने करून देतो. ही सोय २.१ पासून, म्हणजे १९९५ पासून आहे. ६४ बिट लिनक्स बायनरी चालायला मात्र १०.३ उजाडावं लागलं.

प्रोग्रॅमला काय काय लागतं याची यादी काढायला बायनरीतल्या अक्षरमाळा चाळल्या. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० (केबलची डिव्हाइस फाइल, म्हणजे उपकरणाशी फाइलसारखं बोलायचं दार), /डेव्ह/एसएचएम (शेअर्ड मेमरीची जागा), /डेव्ह/नल, आणि /सिस (कर्नलकडची उपकरणांची माहिती) खालचे काही रस्ते. चारच गोष्टी. आठवड्यात संपेल असं सांगून बसलो आहे.

४ मार्च

संपलं नाही. सुरूही झालं नाही.

लिनक्सची डिरेक्टरी मांडणी एका जुन्या मशीनवरून टारने उचलून /कॉम्पॅट/लिनक्स खाली सोडली होती, रूट म्हणून, डेव्हसकट. प्रोग्रॅम चालवला तर पहिल्याच पावलाला /डेव्ह/नल उघडता येत नाही म्हणून मेला. यादी काढून बघितली तर सगळं जागच्या जागी, प्रत्येक नोडचे (डिव्हाइस फाइलचे) मेजर आणि मायनर क्रमांकही: नल १, ३, झीरो १, ५, टीटीवाय ५, ०. लिनक्सच्या अधिकृत क्रमांकांशी अगदी तंतोतंत.

आणि तरीही ती सगळी मढी होती. फ्रीबीएसडी ५.० पासून डिव्हाइस फाइल्स डेव्हएफएस नावाची फाइलसिस्टिम सांभाळते. ड्रायव्हर जागा झाला की नोड आपोआप उगवतो, ड्रायव्हर गेला की मावळतो. ६.० पासून नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एमकेनॉड या कमांडने नोड बनवता येतो, पण त्या नोडमधून डिव्हाइसपर्यंत पोहोचता येत नाही. पाटी आहे, घर नाही.

खरी गंमत पुढे आहे. लिनक्स प्रोसेसने कुठलाही रस्ता मागितला की कर्नल आधी तो /कॉम्पॅट/लिनक्सच्या खाली शोधतो, आणि तिथे नसेल तरच खऱ्या मुळापासून शोधतो. म्हणजे माझी ती डेव्ह डिरेक्टरी साफ रिकामी असती तर प्रोग्रॅमला खरा /डेव्ह/नल मिळाला असता! नोड नसते तर चाललं असतं, होते म्हणून अडलं. दुपारचे तीन तास यात गेले.

मृत नोड उडवले. मग आरसी कॉन्फमध्ये लिनक्स चालू करून सर्व्हिस सुरू केली. आधी मी नुसतं कर्नल मॉड्यूल हाताने लोड केलं होतं, त्याने माउंट होत नाहीत. सर्व्हिस पाच माउंट करते: प्रॉकच्या जागी लिनप्रॉकएफएस, सिसच्या जागी लिनसिसएफएस, डेव्हच्या जागी डेव्हएफएस, डेव्हमधल्या एफडीवर एफडेस्कएफएस आणि एसएचएमवर टीएमपीएफएस. आता प्रोग्रॅम पुढे जाऊन टीटीवाययूएसबी० नाही म्हणून रडतो. ही प्रगतीच.

६ मार्च

आज एसएचएम आणि एफडी. दोन्ही काही न करता चालले, फक्त का चालले ते लिहून ठेवतो.

लिनक्समध्ये सामायिक मेमरीचा तुकडा मागितला की सी लायब्ररी /डेव्ह/एसएचएममध्ये साधी फाइल उघडते. डेव्हएफएसमध्ये साधी फाइल बनत नाही, डिरेक्टरीही बनवता येत नाही. मग टीएमपीएफएस माउंट करायला एसएचएम ही डिरेक्टरी तिथे आली कुठून? लिनक्सुलेटरचं कर्नल मॉड्यूल लोड होताना ‘एसएचएम/.माउंटपॉइंट’ या नावाचं एक खोटं डिव्हाइस बनवतं. त्या डिव्हाइसने कधी काही करायचं नसतं. नावात तिरकी रेघ आहे म्हणून डेव्हएफएस आपसूक एसएचएम डिरेक्टरी बनवतं, आणि तेवढ्यासाठीच ते डिव्हाइस जन्माला घातलेलं. असल्या जुगाडाबद्दल मला मनापासून आदर आहे.

एफडीचं वेगळं, ती प्रोसेसने उघडलेल्या फाइल्सच्या क्रमांकांची जागा. डेव्हएफएसमध्ये फक्त ०, १, २ दिसतात. पूर्ण यादी हवी तर एफडेस्कएफएस लागतं, आणि लिनक्सला त्या नोंदी सिमलिंक (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी फाइल) म्हणून दिसायला हव्या असतात, म्हणून माउंट करताना ‘लिनआरडीएलएनके’ हा पर्याय. सर्व्हिस तो स्वतः देते. हाताने माउंट करणाऱ्यांनी विसरू नये.

९ मार्च

नावाचा प्रश्न. केबलमध्ये एफटीडीआयची चिप आहे (व्हेंडर ०४०३, प्रॉडक्ट ६००१), ती यूएफटीडीआय ड्रायव्हर उचलतो आणि दोन नोड देतो: टीटीवाययू० आणि सीयूएयू०. लिनक्समध्ये याच केबलला टीटीवाययूएसबी० म्हणतात. तर सिमलिंक टाकायचा, झालं. टीटीवायशी टीटीवाय जुळतं म्हणून टीटीवाययू०कडे टाकला.

प्रोग्रॅम गोठला. त्रुटी नाही, सीपीयू नाही, काहीच नाही. पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) बघितलं तर झोपेचं कारण ‘टीटीवायडीसीडी’. लगेच उलगडलं. टीटीवाय नावाचा पोर्ट हा येणाऱ्या कॉलसाठी. पलीकडचा मोडेम कॅरियर सिग्नल वर करेपर्यंत ओपन तिथेच थांबतो. सीयूए हा जाणाऱ्या कॉलसाठी, तो कॅरियरची वाट बघत नाही. यंत्राच्या केबलमध्ये कॅरियरची तार जोडलेलीच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम जन्मभर थांबला असता. लिनक्समध्येही पूर्वी सीयूए नोड होते, नंतर ते काढून टाकले, म्हणून तिकडच्या लोकांना हा फरक आठवत नाही.

सिमलिंक सीयूएयू०कडे वळवला. सापेक्ष ठेवला, म्हणजे नुसतं ‘सीयूएयू०’, पुढे /डेव्ह नाही. त्याच माउंटमधला नोड सापडावा हा हेतू. पहिली ओळ आली, पण अक्षरं कचरा. ते नंतर बघू.

१० मार्च

कचऱ्याआधी परवानगी. रूट म्हणून चालवत होतो, ते कायमचं चालणार नाही.

सीयूएयू०चा मालक यूयूसीपी, ग्रुप डायलर, मोड ०६६०. सेवेचा युजर डायलरमध्ये घातला, नोड उघडला. पण प्रोग्रॅम स्वतःच एक शहाणपणा करतो: ‘डायलआउट’ नावाच्या ग्रुपचा क्रमांक काढतो, आपण त्यात आहोत का बघतो, आणि नसलो तर सुरू व्हायचं नाकारतो. उघडून बघायच्या ऐवजी ग्रुपचं नाव तपासणं हा मूर्खपणा, पण बायनरीला कोण समजावणार.

कर्नलला फक्त आकडे कळतात. फ्रीबीएसडीत डायलर म्हणजे ६८. आमची लिनक्स मांडणी डेबियनची, त्यात डायलआउट म्हणजे २०. आणि फ्रीबीएसडीत २० म्हणजे स्टाफ! म्हणजे इकडचा स्टाफ तिकडून बघितला तर डायलआउट दिसतो. तसंच इकडचा टीटीवाय ग्रुप ४, तो तिकडे एडीएम म्हणून दिसतो. लिनक्सकडून काढलेल्या यादीतल्या ग्रुपच्या नावांवर विश्वास ठेवून कुणाला परवानगी देऊ नये, एवढा धडा मिळाला.

/कॉम्पॅट/लिनक्स/ईटीसीतल्या ग्रुप फाइलमध्ये डायलआउटचा आकडा २० वरून ६८ केला. एक ओळ. चाललं.

१३ मार्च

आता सिमलिंक टिकवायचा. डेव्हएफएसमधला सिमलिंक मेमरीतच असतो, रीबूट झालं की गेला. डेव्हएफएस कॉन्फमध्ये ‘लिंक’ लिहिता येतं, पण ती फाइल सुरुवातीला एकदाच वाचली जाते आणि फक्त मुख्य /डेव्हसाठी. नंतर खोचलेल्या केबलला तिचा उपयोग शून्य.

त्यात आणखी एक पेच. प्रोग्रॅम पोर्ट उघडून बसलेला असताना केबल काढून पुन्हा लावली तर सीयूएयू० हा क्रमांक अजून अडकलेला असतो, त्यामुळे नवी खेप सीयूएयू१ म्हणून येते. लिनक्समध्येही अगदी हेच होतं, टीटीवाययूएसबी१ येतो आणि लोक कपाळावर हात मारतात. पण इथे मधला सिमलिंक माझ्या हातात आहे! तो सीयूएयू१कडे वळवला की प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

म्हणून डेव्हडीला, उपकरणं आली-गेली की सूचना ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला, काम दिलं. यूएफटीडीआयचं उपकरण जोडलं गेल्याची सूचना आली की छोटी शेल स्क्रिप्ट चालते. ती सिसकंट्रोलमधून त्या उपकरणाचा सिरियल क्रमांक आणि टीटीवायचं नाव विचारते, क्रमांक आमच्या केबलचा असेल तर जुना सिमलिंक काढून नवा टाकते. दुसरी सूचना उपकरण गेल्याची, त्यात सिमलिंक काढते. लोंबकळता सिमलिंक ठेवला तर प्रोग्रॅमला पोर्ट नाही हे कळतं खरं, पण माणसाला यादीत नाव दिसत राहतं आणि तो भलतीकडे शोधत बसतो.

स्क्रिप्टची चाचणी करताना चुकून कॉम्पॅटमधला झीरो नोड आरएमने उडवला. घाबरायचं कारण नव्हतं. डेव्हएफएसमध्ये खोडलेला नोड त्या एका माउंटपुरताच लपतो, आणि एमकेनॉडला नुसतं नाव दिलं, क्रमांक वगैरे काही न देता, की परत येतो. एमकेनॉडचा आता तेवढाच उपयोग उरलाय.

१७ मार्च

प्रोग्रॅम लॉगमध्ये लिहितो: ‘अनोळखी पोर्ट, सुरक्षित वेग वापरत आहे.’ कचरा अक्षरांचं मूळ इथे आहे. सुरक्षित वेग म्हणजे त्याच्या मते ९६००, यंत्र बोलतं ११५२००ला.

केट्रेस लावून (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल नोंदवून) केडम्प वाचला. ओपननंतर लगेच फाइलची माहिती विचारणारा कॉल, मग लगेच वेग ठरवणारा. मधल्या माहितीत तो डिव्हाइसचा मेजर क्रमांक बघत असणार: ४ असेल तर बोर्डावरचा पोर्ट, १८८ असेल तर यूएसबी-सिरियल, दुसरं काही असेल तर अनोळखी.

फ्रीबीएसडीत मेजर-मायनरला आता अर्थ उरलेला नाही. डेव्हएफएस नोड बनवताना एक अनुक्रमांक देतं, तोच बाहेर दिसतो. आज जो आकडा आहे तो उद्या वेगळा. लिनक्सुलेटर काही ठिकाणी हे झाकतो: पीटीएस (टर्मिनल खिडकीच्या) नोडला १३६पासूनचा मेजर दाखवतो, ग्राफिक्सच्या डीआरएम नोडला २२६. कारण ते बघणारे प्रोग्रॅम भरपूर आहेत. सीयूएयूला १८८ दाखवा असं कुणी कधी मागितलं नसावं.

(डिस्कच्या बाबतीत हा खड्डा आणखी खोल. फ्रीबीएसडीने ब्लॉक डिव्हाइस हा प्रकारच ४.०मध्ये मोडीत काढला, डिस्कही कॅरेक्टर डिव्हाइस. ‘हे ब्लॉक डिव्हाइस आहे का’ असं विचारणारा लिनक्स प्रोग्रॅम इथे आणलात तर तयारी ठेवा. मला सुदैवाने डिस्कशी घेणंदेणं नाही.)

१८ मार्च

दोन मार्ग. कर्नलमध्ये लिनक्सुलेटरच्या तक्त्यात ड्रायव्हरला आपली नाव-क्रमांकाची जोडी नोंदवायची सोय आहे, त्यासाठी छोटं मॉड्यूल लिहायचं. किंवा लिनक्सच्या बाजूला एक प्रीलोड लायब्ररी (इतर लायब्रऱ्यांआधी लोड होऊन त्यांची फंक्शन झाकणारी), जी माहितीच्या कॉलमध्ये शिरून मेजर १८८ करून देईल.

क्रमांक ही कर्नलने सांगायची गोष्ट आहे, तेव्हा मॉड्यूल जास्त रास्त. पण दर कर्नल अपग्रेडला ते पुन्हा बांधायचं, आणि बांधायला विसरलो तर रात्री तीन वाजता कळायचं. एका हट्टी बायनरीसाठी कर्नलला हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रीलोड.

एफस्टॅट हे फंक्शन झाकणारी वीस ओळींची लायब्ररी लिहिली. काडीचा फरक पडला नाही. तासाभराने ट्यूब पेटली: जीलिबसीच्या (लिनक्सच्या सी लायब्ररीच्या) २.३३ आवृत्तीआधी एफस्टॅट नावाचं चिन्ह लायब्ररी बाहेर देतच नव्हती. प्रोग्रॅम कंपाइल होताना त्याच्यात ‘__एफएक्सस्टॅट’ची हाक बसत असे. आमची बायनरी त्या काळातली. नाव बदललं, तिसरा आर्ग्युमेंट वाढवला, आणि लॉगमधली ‘अनोळखी पोर्ट’ची ओळ गेली. ११५२००. स्वच्छ ओळी.

२१ मार्च

ओळी स्वच्छ येत असल्या तरी कर्नलच्या संदेशांत दर दहा सेकंदांनी एक तक्रार: अमुक आयऑक्टल, ‘टी’, ९३, अंमलात नाही.

आयऑक्टल हा डिव्हाइस फाइलचा सगळ्यात अवघड भाग. ओपन, रीड, राइट सगळीकडे सारखे. आयऑक्टल म्हणजे ड्रायव्हरशी खाजगी बोली. लिनक्स आणि बीएसडी दोघंही आयऑक्टलच्या आकड्यातच माहितीचा आकार आणि दिशा कोंबतात, पण दिशेचे बिट उलटे आहेत: ‘कर्नलकडून प्रोग्रॅमकडे’ म्हणायला लिनक्स ३१वा बिट लावतो, बीएसडी ३०वा. म्हणून डीआरएमसारख्या ठिकाणी, जिथे ड्रायव्हर तोच आहे, लिनक्सुलेटर नुसती दिशा उलटवून आकडा पुढे ढकलतो. टर्मिनलचे आकडे साधे, हेक्समध्ये ५४ने सुरू होणारे, त्यात दिशा-आकार काही नाही. तिथे एकेक आकडा हाताने भाषांतरित केलेला आहे.

आणि भाषांतर नुसतं आकड्याचं नाही. लिनक्समध्ये ९६०० बॉडचा सांकेतिक अंक १३ आहे आणि ११५२०० चा ४०९८. फ्रीबीएसडीत ९६०० म्हणजे ९६००च. मध्ये एक तक्ता बसलाय, तो दोन्हीकडे बदलून देतो. ते सगळं नीट चालतं.

‘टी’, ९३ म्हणजे सिरियल पोर्टवरच्या चुका मोजणारी विचारणा: किती फ्रेमिंग चुका, किती ओव्हररन. ती इथे भाषांतरित नाही. प्रोग्रॅम परतावा तपासत नाही, आधीच शून्य करून ठेवलेला तक्ता तसाच छापतो, आणि अहवालात ‘संप्रेषण चुका: ०’ असं ठळक येतं. हे मला सगळ्यात घातक वाटलं. काम अडलं तर माणूस बघतो. शून्य बघून कुणी काही बघत नाही.

उलट बाजूचा नमुनाही इथेच सापडला. पोर्टची हार्डवेअर माहिती विचारली की लिनक्सुलेटर बिनधास्त सांगतो, १६५५०ए चिप आहे. आमच्या केबलमध्ये ती नाही. पण या थापेने कुणाचं नुकसान होत नाही, प्रोग्रॅम खूश होऊन पुढे जातो. कुठली थाप खपवायची आणि कुठे सरळ नाही म्हणायचं, कंपॅटिबिलिटी लेयर लिहिणाऱ्याचं अर्धं आयुष्य यातच जात असणार.

अहवालाच्या साच्यातून चुकांचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक ओळीतला यंत्राचा चेकसम (ओळ धड आली का ते पडताळायचा आकडा) आम्हीच तपासतो.

लेटन्सी टायमरची (चिप आलेली अक्षरं किती वेळ धरून ठेवते त्याची) फाइल प्रोग्रॅम /सिसमध्ये शोधतो, लिनसिसएफएसमध्ये ती नाही. सेकंदाला एक ओळ असताना १६ मिलिसेकंदांनी काय बिघडतंय. सोडून दिलं.

२५ मार्च

आवराआवर. बंद बायनरीला सर्व्हरच्या सगळ्या डिव्हाइस फाइल्स दिसायची गरज काय? डेव्हएफएस कितीही वेळा माउंट करता येतं आणि प्रत्येक माउंटला वेगळा नियमसंच लावता येतो. डेव्हएफएस रूल्समध्ये १० क्रमांकाचा संच लिहिला: आधी सगळं लपव, मग मूलभूत नोड दाखव (नल, झीरो, रँडम वगैरे), मग लॉगइनला लागणारे, मग सीयूएयू. हे पहिले तीन तयार संच सिस्टिमसोबतच येतात, नुसते जोडून घ्यायचे.

दोन जागी अडखळलो. एसएचएम दिसेना, कारण डिरेक्टरीचंही नाव नियमात उघडावं लागतं, आतल्या नोंदींचा नियम पुरत नाही. आणि माझा सिमलिंकच गायब झाला! डेव्हएफएस सिमलिंकलाही नियम लावतं. ‘सगळं लपव’ म्हणजे मी टाकलेलं सिमलिंकही. टीटीवाययूएसबी*साठी वेगळी ओळ घातली.

‘सीयूएयू*’ लिहिलं तर .इनिट आणि .लॉक हे सोबतचे नोडही उघडतात, ज्यांनी पोर्टची सुरुवातीची आणि कुलूपबंद स्थिती बदलता येते. म्हणून सीयूएयू[०-९] असा नेमका साचा.

शेवटी लिनक्सच्या बाजूने यादी काढली: मोजके नोड, डिस्क एकही नाही. सहकारी मागे येऊन बघून गेली, म्हणाली, ‘वा, आता कसं नीटनेटकं दिसतंय.’ छान वाटलं.

२८ मार्च

नीटनेटकं *दिसतंय*, एवढंच खरं होतं.

सहज म्हणून लिनक्सच्या शेलमधून, रूट म्हणून, एडीए० ही डिस्क डीडी कमांडने वाचून बघितली. नकार मिळेल या खात्रीने. पहिला सेक्टर समोर आला.

मिनिटभर काही सुचेना. मग चार तारखेची नोंद आठवली. रस्ता आधी कॉम्पॅटखाली शोधला जातो, तिथे नसेल तर खऱ्या मुळापासून. मी कॉम्पॅटच्या डेव्हमधून एडीए० लपवला, म्हणजे कर्नलसाठी तो तिथे ‘नाही’. नाही म्हटल्यावर तो शिस्तीत खऱ्या /डेव्हकडे गेला आणि तिथला दिला. डिरेक्टरीची यादी मात्र फक्त पहिल्या जागेची निघते, दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणून यादीत नाही, पण उघडायला आहे. पुढचं दार लावून घेतलं आणि मागचं सताड उघडं.

जी सोय चार तारखेला मला हवीहवीशी वाटली होती, तीच इथे घात करते. दोष तिचा नाही, कॉम्पॅटची डिरेक्टरी ही सोयीसाठी आहे, कोंडून ठेवण्यासाठी नाही. सेवेचा युजर रूट नाही, त्यामुळे मोड आणि ग्रुपने डिस्क अजूनही त्याच्यापासून दूरच आहेत. पण तो आधार वेगळा, आणि मी २५ तारखेला लिहिलं ते चूक. वरची नोंद मुद्दाम खोडली नाही.

२ एप्रिल

जेल, म्हणजे प्रोसेसला एका डिरेक्टरीत कोंडायची फ्रीबीएसडीची सोय. लिनक्सची मांडणी वेगळ्या जागी हलवली, कारण जुन्या जागी ठेवली असती तर सर्व्हिसच्या डेव्हएफएसवर जेलचं डेव्हएफएस चढून बसलं असतं आणि कुठला नियम कुठल्या थराला लागलाय याचा पत्ता लागला नसता. जेलच्या कॉन्फमध्ये डेव्हएफएस माउंट करा, नियमसंच १०, बाकीचे चार माउंट हाताने, क्रम सांभाळून: डेव्ह आधी, मग त्यातले एसएचएम आणि एफडी.

आता लिनक्स प्रोसेसचं मूळच जेलची डिरेक्टरी आहे. आत /कॉम्पॅट/लिनक्स नाही, त्यामुळे दोन ठिकाणी शोधायचा प्रश्नच नाही, आणि मागे जाऊन सापडेल असा दुसरा डेव्हही नाही. एडीए० मागितला तर अशी फाइल नाही असं उत्तर. या वेळी आधी डीडी केलं, मग यादी बघितली.

डेव्हडीची स्क्रिप्ट यजमानाकडूनच (जेलबाहेरच्या मूळ सिस्टिमवरून) चालते, फक्त सिमलिंक टाकायचा रस्ता बदलला.

५ एप्रिल

सकाळी अकराच्या सुमारास अर्ध्या ओळी फाटक्या. चेकसमने पकडलं, शून्यवाला रकाना असता तर कळलंच नसतं.

कारण निघालं मजेशीर. सहकारीने यजमानावर सीयू (सिरियल पोर्टशी बोलणारी कमांड) चालवून पोर्टवर काय येतंय ते बघितलं. तिला आधी कुणी वापरतंय अशी सूचना यायला हवी होती, आली नाही. सीयू कुलपाची फाइल /व्हार/स्पूल/लॉकमध्ये सीयूएयू०च्या नावाने ठेवतं. प्रोग्रॅम /व्हार/लॉकमध्ये टीटीवाययूएसबी०च्या नावाने, तीही जेलच्या आत. एकाच खोलीला दोन दारं आणि दोन कुलपं. दोघांनी पोर्ट उघडला आणि येणारी अक्षरं ज्याच्या वाट्याला जशी आली तशी वाटून घेतली.

ती म्हणाली, ‘अरे, मग मी विचारून चालवत जाते.’ त्यावर विसंबायचं नाही. नोडवरच ‘एकट्यासाठी’ असं सांगणारं एक आयऑक्टल आहे, आणि तो आकडा लिनक्सुलेटर बरोबर भाषांतरित करतो. प्रीलोड लायब्ररीत, ओपननंतर, तेवढी एक हाक वाढवली. आता सीयूला पोर्ट व्यस्त असल्याचं उत्तर मिळतं. रूटला ते अडवत नाही, पण रूट म्हणून सीयू चालवणाऱ्याचं आपण काय करणार.

९ एप्रिल

केबल काढून लावायची शेवटची चाचणी. प्रोग्रॅम चालू ठेवून केबल ओढली. सिमलिंक गेला, प्रोग्रॅमने पोर्ट हरवल्याचं लिहिलं. पुन्हा लावली, केबल सीयूएयू१ म्हणून आली, सिमलिंक तिकडे वळला, अकराव्या सेकंदाला ओळी सुरू. पुन्हा ओढली, या वेळी लावायला दहा मिनिटं थांबलो. आली सीयूएयू० म्हणून, कारण तोवर जुना नोड सुटला होता. तेही चाललं.

बाकी राहिलेलं: चुका मोजणारी विचारणा (करणार नाही), मेजर क्रमांकाचं मॉड्यूल (दुसरा असा प्रोग्रॅम आला तरच). नियमसंच, जेलचं कॉन्फ आणि स्क्रिप्ट रिपॉझिटरीत टाकल्या. जुन्या /कॉम्पॅट/लिनक्स खालची डेव्ह डिरेक्टरी अनमाउंट करून उघडली, तर माझ्या टारमधला एक मेलेला टीटीवायएस० अजून खाली पडून होता. पुसला.